उजनीकाठचे मरूद्यान

एकाच वर्षी इंदापूर तालुक्याने दोन टोकांची चित्रे पाहिली. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळपास गेला. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर आले आणि एरवी जिथे होड्या चालतात तिथे भेगाळलेला गाळ दिसू लागला. त्याच वर्षी पुणे वनविभागाने या तालुक्यातील कडबनवाडी आणि शेजारच्या बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे माळरान सफारी सुरू केली. पलीकडच्या काठावर, सोलापूर जिल्ह्यात, उजनीचे जलपर्यटन हा प्रमुख भाग असलेल्या सुमारे २८२ कोटी रुपयांच्या एकात्मिक पर्यटन आराखड्याला शासनाची मंजुरी मिळाली. एकीकडे पाणी तळाला गेलेले आणि दुसरीकडे त्याच पाण्याच्या भरवशावर पाहुणे बोलावण्याची तयारी, हा विरोधाभास त्या वेळी फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. टंचाईची बातमी एका पानावर आणि पर्यटनाची दुसऱ्या पानावर, अशी आपल्याकडे वाटणीच असते.

पर्यटन हा शब्द या भागाला नवा असला, तरी पाहुणा नवा नाही. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील निमगाव केतकी हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे खाऊच्या पानांचा बाजार आणि दुसरे म्हणजे संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम. आषाढी वारीत बारामती, सणसर असे टप्पे करीत सोहळा येथे येतो, एक रात्र थांबतो आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या रिंगणाकडे निघतो. एका रात्रीपुरता येणारा, अंथरूण-पांघरूण पाठीवर घेऊन चालणारा प्रवासी म्हणजे काय, हे या गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

पानमळ्यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. नागवेल ही उन्हाला आणि कोरड्या वाऱ्याला अत्यंत नाजूक. शेवरी, पांगारा, हादगा अशा झाडांची दाट सावली, चढण्यासाठी त्यांच्याच खोडांचा आधार आणि मुळाशी कायमचा ओलावा, एवढे सगळे असेल तरच ती टिकते. इंदापूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो आणि येथे वर्षाला सरासरी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा मुलखात पानमळा उभा करणे म्हणजे विहिरीच्या आणि कालव्याच्या जोरावर एक लहानसे मरूद्यानच निर्माण करणे होय. बाहेर रखरखीत माळ आणि आत पाऊल टाकताच गार, ओलसर अंधार. हा पालट ज्याने अनुभवला असेल, त्याला या तालुक्याचे सगळे अर्थकारण निराळे समजावून सांगावे लागत नाही.

जगात अशी मरूद्याने पर्यटनाच्या नकाशावर आली, की त्यांचे पुढे काय होते, याचे एक ठळक उदाहरण दक्षिण अमेरिकेत आहे. पेरू देशातील इका शहरापासून अवघ्या पाच किलोमीटरवर वाकाचिना नावाचे स्थळ आहे. चारही बाजूंनी वाळूच्या उंच टेकड्या, मध्ये ताडाच्या झाडांनी वेढलेले एक तळे आणि तळ्याभोवती हॉटेलांची रांग, एवढाच त्याचा विस्तार. कायमची वस्ती शंभरेक माणसांची. विसाव्या शतकाच्या मध्यात पेरूमधील धनिक मंडळी या तळ्यात स्नानाला येत, कारण त्याचे पाणी औषधी मानले जाई. पुढे पाठीवर पिशवी टाकून, कमी खर्चात देश पालथा घालणारी तरुण मुले येऊ लागली आणि गावाचे नशीबच पालटले. वाळूवरून धावणाऱ्या बग्ग्यांतून टेकडीच्या माथ्यावर जायचे, लाकडी फळीला मेणबत्ती घासून ती गुळगुळीत करायची आणि तीवर उभे राहून किंवा पालथे झोपून उतारावरून खाली घसरायचे, हा तेथील खेळ. एक दुपार, एक सूर्यास्त, एक रात्र आणि सकाळची बस, असा बहुतेकांचा कार्यक्रम असतो. पेरूच्या ५० सोलच्या जुन्या नोटेच्या पाठीमागे या तळ्याचे चित्र होते, इतका तो देशाच्या अभिमानाचा विषय.

मात्र ज्या तळ्यासाठी हे सारे घडले, त्याचे पाणी भूगर्भातील झऱ्यांमधून येत होते आणि ते झरे आटत गेले. परिसरात खासगी विहिरी आणि कूपनलिका वाढल्या. इकाचे खोरे गेल्या काही दशकांत अ‍ॅस्परॅगस आणि द्राक्षे परदेशी पाठविणारे मोठे केंद्र बनले आणि वाळवंटातील ही शेती भूजलावरच उभी राहिली. तळ्याची पातळी घसरत गेली. अखेर २०१५ पासून स्थानिक व्यावसायिकांच्या पुढाकाराने बाहेरून पाणी आणून तळ्यात सोडण्यास सुरुवात झाली. आज तेथे येणारा प्रवासी ज्या निसर्गरम्य तळ्याचे छायाचित्र काढतो, ते पंपाच्या आधाराने तग धरून आहे. वाळूच्या टेकड्यांना धोका नाही, धोका आहे तो पाण्याला. आणि पाण्यावाचून त्या टेकड्यांकडे फिरकणारे फारसे कोणी नाही.

वाकाचिनाची कहाणी इंदापूरला जशीच्या तशी लागू पडत नाही. इथे वाळवंट नाही, उजनी हे तळे नसून राज्यातील सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक आहे. परंतु एका बाबतीत साम्य विलक्षण आहे. दोन्ही ठिकाणी कोरड्या मुलखातील पाणी हेच आकर्षण आहे, दोन्ही ठिकाणी ते पाणी आता माणसाच्या हातात आहे आणि दोन्ही ठिकाणी त्या पाण्यावर पर्यटकाच्या आधी निर्यातक्षम, पाणीखाऊ शेतीचा हक्क प्रस्थापित झालेला आहे. इकाला अ‍ॅस्परॅगस, इंदापूरला ऊस. द्राक्षे तर दोन्हीकडे आहेत.

उजनी धरण भीमा नदीवर १९६९ ते १९८० या काळात बांधले गेले. भिंत सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात आणि पाण्याचा फुगवटा पुणे जिल्ह्यातील इंदापूर, दौंडपर्यंत. एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट म्हणजे ११७ टीएमसी. त्यातील तब्बल ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा असून उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी आहे. मृतसाठा उपयुक्त साठ्याहून मोठा असणे ही उजनीची खासियत आणि ‘उणे साठ टक्के’ या चमत्कारिक वाटणाऱ्या आकड्याचे रहस्यही त्यातच आहे. उपयुक्त साठा संपला, की टक्केवारी शून्यावर येते. त्यानंतर मृतसाठ्यातून जे पाणी उचलले किंवा सोडले जाते ते उणे आकड्यांत मोजले जाते. २०२४ च्या जूनमध्ये उणे साठच्या जवळ पोहोचलेल्या धरणात प्रत्यक्षात एकतीस-बत्तीस टीएमसी पाणी शिल्लक होते. महाराष्ट्रातील अनेक धरणे काठोकाठ भरली तरी त्यांत एवढे पाणी मावत नाही. मृतसाठा म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेली ठेव, ही कल्पना मात्र केव्हाच मोडीत निघाली. ती आता दर काही वर्षांनी वापरली जाणारी नेहमीची रक्कम झाली आहे.

या पाण्याखाली भीमाकाठची अनेक गावे गेली. काळ्या जमिनी गेल्या, देवळे गेली, बाजाराच्या वाटा गेल्या. पळसनाथाचे मंदिर पाणी ओसरले की दर्शन देते आणि त्याची छायाचित्रे पाहण्यासाठी पुण्यातील वाचक उत्सुक असतो. पण ते मंदिर दिसणे म्हणजे धरणग्रस्तांच्या मूळ गावाचे अवशेष दिसणे होय, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. ज्यांची शेती गेली त्यांतील काहींनी आणि परंपरेने मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी जलाशयात जाळी टाकली. भिगवण हे मासळीच्या बाजारासाठी ख्यातनाम झाले. पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणारा प्रवासी मासे खाण्यासाठी भिगवणला थांबू लागला, तो या परिसराचा पहिला आधुनिक पर्यटक म्हणायला हरकत नाही.

दुसरा पर्यटक आला तो दुर्बीण घेऊन. उजनीच्या फुगवट्यावर, विशेषतः भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ या भागात, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. भादलवाडीच्या ब्रिटिशकालीन तलावावर चित्रबलाकांची वीण होते. पक्षिनिरीक्षकांपाठोपाठ छायाचित्रकार आले, त्यांच्यापाठोपाठ शनिवार-रविवारी मुलाबाळांसह येणारी पुणे-मुंबईची कुटुंबे आली. मासेमारांच्या होड्या सकाळच्या वेळी पाहुण्यांसाठी वापरात आल्या, घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या, चुलीवरची भाकरी आणि माशाचे कालवण यांना गिऱ्हाईक मिळाले. कोणत्याही शासकीय योजनेची वाट न पाहता गावकऱ्यांनी हे उभे केले, ही या काठावरील पर्यटनाची सर्वांत जमेची बाजू.

परंतु रोहित पक्षी भरलेल्या धरणावर येत नाही. लांब पायांच्या या पक्ष्याला उथळ पाणी आणि उघडा पडलेला गाळ लागतो. त्यातील शेवाळ, कीटक, कवचधारी जीव चोचीने गाळून तो पोट भरतो. धरण काठोकाठ भरलेले असेल, तर त्याला उभे राहायला जागाच नसते. पाणी रब्बीच्या आवर्तनांमुळे हळूहळू ओसरू लागले, दलदलीच्या पट्ट्या वर आल्या, की थवे खाली उतरतात. म्हणूनच चांगल्या पावसाच्या वर्षी ‘रोहित यंदा उशिरा’ अशा बातम्या येतात. उलट पाणी फार झपाट्याने गेले, तर गाळ वाळतो, अन्न संपते आणि होडी चालवायलाही पाणी उरत नाही. म्हणजे शेतकऱ्याला धरण भरलेले हवे, नावाड्याला ते मोजक्या गतीने उतरलेले हवे आणि खालच्या सोलापूरकरांना ते वेळेवर सोडलेले हवे. तिघांची घड्याळे वेगळी आहेत. पाणी सोडण्याचे वेळापत्रक मात्र एकच असते आणि ते ठरविताना पहिल्या व तिसऱ्या गटाचा विचार होतो, दुसऱ्याचा नाही.

शिवाय या पाण्याची प्रत हा स्वतंत्र विषय आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून उजनीत येते. त्यातील सर्व पाणी शुद्ध होऊन येत नाही, हे उन्हाळ्यात हिरवट पडणाऱ्या पाण्याकडे पाहिले तरी कळते. चिलापी या परक्या माशाने स्थानिक जातींना मागे सारले, अशी मासेमारांची तक्रार जुनी आहे. पुण्याचा नागरिक शनिवारी ज्या पाण्यावर पक्षी पाहण्यास जातो, त्यात सोमवार ते शुक्रवार त्याच्याच शहराची भर पडत असते. या नात्याचा उल्लेख पर्यटन आराखड्यांत क्वचितच आढळतो. नदी सुधारण्याच्या गप्पा शहराच्या हद्दीतील काठांपुरत्या आणि पर्यटनाच्या गप्पा जलाशयाच्या काठापुरत्या. मधल्या शंभर किलोमीटरचा प्रवाह कोणाचाच नाही.

पाण्यावरच्या हक्काचा प्रश्न किती ज्वालाग्राही आहे, हे २०२१ मध्ये दिसले. उजनीतील पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याला देण्याच्या हालचालींची बातमी आली आणि सोलापूर जिल्ह्यात आंदोलनांचा भडका उडाला. पुण्यातून येणाऱ्या सांडपाण्याच्या हिशेबावर हे पाणी मोजले जाणार होते, हा त्यातील खास पुणेरी भाग. अखेर मे महिन्यात शासनाला माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला सुमारे ३४८ कोटी रुपयांची मान्यता मिळाली आणि पुन्हा तोच वाद पेटला. या योजनेतून इंदापूर व बारामती तालुक्यांतील कोरड्या पट्ट्याला पाणी मिळावयाचे आहे. ज्या गावांच्या डोळ्यांदेखत धरणाचा फुगवटा आहे आणि ज्यांची माणसे त्यासाठी विस्थापित झाली, त्यांनी पाणी मागणे गैर कसे म्हणायचे? आणि ज्यांच्यासाठी धरण बांधले, त्या सोलापूरकरांनी आपला वाटा राखणे तरी गैर कसे? दोन्ही बाजू खऱ्या असलेला हा तंटा आहे आणि म्हणूनच तो सुटत नाही.

याच्या मुळाशी ऊस आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो दुष्काळ निवारणासाठी होता. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात त्यातून बागायत उभी राहिली, साखर कारखाने आले आणि भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर ही नावे हंगामातील उसाच्या ट्रॅक्टरांनी गजबजू लागली. इंदापूर मात्र कालव्यांच्या शेपटाला राहिले. नीरा डावा असो की खडकवासल्याचा, वरचे तालुके भिजल्यावर उरेल ते खाली. त्यामुळे ज्याला शक्य झाले त्याने उजनीत मोटार टाकली आणि मैलोगणती जलवाहिनी नेली. या जलवाहिन्यांनी तालुक्याचा चेहरामोहरा बदलला, बोरीच्या द्राक्षांना परदेशी बाजार दाखविला, हेही नाकारता येत नाही. पण ज्याच्याकडे जलवाहिनी नाही त्याचे शेत आणि ज्याच्याकडे आहे त्याचे शेत, यांत दोन देशांइतके अंतर पडले.

या हिरव्या आणि करड्या पट्ट्यांच्या मधोमध जे उरले, ते माळरान. कडबनवाडीची माळराने त्यांतलीच. पावसाळ्यानंतर गुडघ्याएवढे गवत, उन्हाळ्यात पिवळे पडलेले, तुरळक बोर-बाभूळ, मधूनच खडक. सरकारी नोंदींत अशा जमिनीला दीर्घकाळ पडीक मानले गेले आणि पडीक म्हटले की तिचे काहीतरी केले पाहिजे, असे प्रत्येक खात्याला वाटते. कोणी चर खणले, कोणी गिरिपुष्पाची रोपे लावली. २०१९ मधील ३३ कोटी वृक्षलागवडीसारख्या मोहिमांच्या धामधुमीत तर झाड नसलेली जमीन म्हणजे जणू शासनाचा अपमान, असे वातावरण होते. वस्तुतः गवताळ माळ ही स्वतंत्र, परिपूर्ण परिसंस्था आहे. तेथे चिंकारा चरतो, खोकड आणि तरस बिळे करतात, धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि लांडगा राहतो. भारतातील लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे, म्हणजे वाघापेक्षाही तो कमी. तरीही वाघासाठी हजारो रुपये मोजणाऱ्या पर्यटकाला परवापरवापर्यंत लांडगा पाहण्याची इच्छा नव्हती.

ती इच्छा निर्माण झाली ती समाजमाध्यमांवरील छायाचित्रांमुळे आणि तिच्यासोबत उपद्रवही आला. लांडग्याच्या पिलांचे चित्र मिळावे म्हणून गाड्या थेट गवतात घालणे, चिंकाऱ्याचा पाठलाग करणे, बिळापाशी तासन्‌तास थांबणे, हे प्रकार वाढले. वाळूच्या टेकडीवर बग्गी उडवली तर दुसऱ्या दिवशी वारा तिच्या खुणा पुसून टाकतो. माळावर चाकाची एक रेघ उठली, की ती पुढच्या पावसात ओघळ होते आणि जमिनीवर घातलेली अंडी चाकाखाली गेली, तर तो विणीचा हंगामच वाया जातो. वाळवंटातील साहसी पर्यटनाची नक्कल माळरानावर करता येत नाही, ती या साध्या कारणाने.

माळरान सफारीचे महत्त्व येथे आहे. ठरलेले मार्ग, आगाऊ नोंदणी, सोबत स्थानिक वाटाड्या आणि गाड्यांच्या संख्येवर मर्यादा, ही तिची चौकट. गावातील तरुणांना वाटाडे म्हणून काम मिळते आणि लांडगा जिवंत असण्यात गावाचा पहिल्यांदाच रोख फायदा दिसतो. ही गोष्ट लहान नाही. सोलापूरच्या नान्नज परिसरातील माळढोक अभयारण्याचा धडा समोर आहे. १९७९ मध्ये सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र एका फटक्यात अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्याने लोक पक्ष्यावरच चिडले. पुढे क्षेत्र घटवून बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. त्या तुलनेत बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. १९९७ मध्ये घोषित झालेल्या या चिमुकल्या तुकड्यात चिंकारा टिकला. आकार लहान, पण भांडणही लहान.

तरी सफारीविषयी दोन शंका उपस्थित करणे भाग आहे. पहिली धनगरांची. माळ रिकामा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांचे कळप त्यावर चरत आले आहेत. लांडगा कोकरू उचलतो, हे धनगराला ठाऊक आहे आणि तरीही अनेक ठिकाणी त्याने लांडग्यासोबत जगणे स्वीकारले. पर्यटकाच्या चित्रात मेंढ्या आल्या तर चित्र बिघडते, म्हणून उद्या कळपांना मज्जाव झाला, तर माळाचा जुना राखणदारच बाहेर जाईल. कोकरू गेल्यावर मिळणारी भरपाई वेळेत आणि हेलपाट्यांविना मिळाली, तर सफारीच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा ती अधिक उपयोगी ठरेल. दुसरी शंका भटक्या कुत्र्यांची. पर्यटनासोबत खानावळी येतात, उष्टे-खरकटे येते, कुत्री वाढतात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचे पुरावे शास्त्रज्ञांनी जनुकीय अभ्यासातून दिले आहेत आणि कुत्र्यांचे रोग लांडग्यांत शिरण्याचा धोका वेगळाच. भिगवणच्या धर्तीवर माळाच्या कडेला ढाब्यांची रांग उभी राहिली, तर लांडगा पाहायला आलेल्यांना कालांतराने भलताच प्राणी दाखवावा लागेल.

राहिली वाळू. वाकाचिनात वाळूवर खेळतात, भीमेच्या पात्रात ती चोरतात. इंदापूर आणि दौंडच्या पट्ट्यात उजनीच्या फुगवट्यातून यांत्रिक बोटींनी वाळू उपसली जाते, महसूल पथके धाड घालतात, बोटी जिलेटिनने उडवून दिल्या जातात आणि काही दिवसांनी नव्या बोटी पाण्यात उतरतात. शासनाने २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रास दराने डेपोतून वाळू देण्याचे धोरण आणले आणि २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलावाचा मार्ग धरला. नदीपात्रातील मूळ वाळू जितकी जाईल, तितके पात्र खोल आणि बेभरवशाचे होते. ज्या पाण्यात पाहुण्यांच्या होड्या चालवायच्या आहेत, त्याच्या तळाशी कुठे किती खोल खड्डा आहे, हे वाळू उपसणाऱ्यांखेरीज कोणाला निश्चित सांगता येत नसेल, तर जलपर्यटनाचा आराखडा कागदावर कितीही देखणा असो, तो अपुराच म्हणावा लागेल.

पाणी किती निर्दय होऊ शकते, हे २१ मे २०२४ रोजी दिसले. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ते पर्यटक नव्हते. धरणाने तोडलेल्या दोन काठांमध्ये रोजच्या कामासाठी ये-जा करणारी माणसे होती. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून चार दशकांहून अधिक काळ लोक असेच होडीने जातात. शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी त्यासाठीच होती. उजनीवर पाहुण्यांना जलविहार घडविण्याआधी काठावरच्या माणसाला अंगात घालायला जीवरक्षक जाकीट, होडीची तपासणी आणि हवामानाचा इशारा मिळतो की नाही, ही पहिली कसोटी असायला हवी. पाहुण्यासाठी एक नियम आणि गावकऱ्यासाठी दुसरा, असे झाले तर अपघाताला तो फरक कळणार नाही.

पैशाचा प्रश्नही येथेच येतो. वाकाचिनात पाणी आटू लागल्यावर ते आणून ओतण्याचा भार तेथील व्यावसायिकांना उचलावा लागला, कारण तळे नाही तर धंदा नाही, हे त्यांना उमगले होते. उजनीकाठी मात्र पर्यटनातून कमावणारा आणि पाण्याचा निर्णय घेणारा यांची कधी गाठच पडत नाही. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ मध्ये कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला आणि त्याचे अनुकरण राज्यभर झाले. शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणही आणले. त्या प्रयोगाचे बळ होते ते यात, की शेताचा धनी आणि पाहुण्याचा यजमान एकच होता. जलाशयाच्या काठावर तसे नाही. होडी मासेमाराची, जमीन जलसंपदा खात्याची, पक्षी वनविभागाचा, आराखडा पर्यटन खात्याचा आणि पाणी ज्याची मोटार मोठी त्याचे.

पाणथळ जागा माणसाने केलेली आहे म्हणून तिचे संरक्षण होऊ शकत नाही, असे नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ २०२० मध्ये घोषित झाले आणि तेही गोदावरीवरील बंधाऱ्याच्या पाण्यावरच उभे आहे. तेथे सिंचनही चालते आणि पक्षीही येतात. उजनीचा विस्तार त्याहून कितीतरी मोठा आणि हितसंबंधही तितकेच मोठे, त्यामुळे तोच साचा इथे बसेल असे नव्हे. मात्र कुंभारगाव-डिकसळचा उथळ पट्टा आणि भादलवाडीचा तलाव यांच्यापुरते वेगळे नियोजन करणे अशक्य नाही. २०२५ च्या मे महिन्यात अतिवृष्टीने बारामती परिसरात नीरा डावा कालवा फुटला. आधल्या वर्षी जिथे टँकरची वाट पाहिली जात होती, त्याच पट्ट्यात शेतांतून पाणी वाहू लागले. एवढ्या टोकाच्या चढउतारात सरासरीवर बेतलेले कोणतेही नियोजन टिकणार नाही, मग ते उसाचे असो की पर्यटनाचे.

संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले आणि पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज असा हा रस्ता आता पुण्याच्या पाहुण्याला अधिक वेगाने या भागात आणतो. वारीच्या मुक्कामाला गाव पाणी, निवारा आणि जेवणाची सोय आधी ठरवते. कोणत्या विहिरीवर टँकर भरायचे, कोणत्या शाळेत किती माणसे उतरवायची, याची बैठक पालखी येण्याच्या कितीतरी दिवस आधी होते. उजनीच्या पाण्याची बैठकही अशीच, पावसाळा सरल्यावर होते. कालवा सल्लागार समितीत लोकप्रतिनिधी आणि अधिकारी बसून रब्बी व उन्हाळी आवर्तनांचा हिशेब मांडतात. नावाडी, मासेमार आणि माळावरचे वाटाडे यांना आवर्तनांच्या तारखा कळतात त्या वृत्तपत्रांतून. त्या बैठकीत त्यांच्यापैकी एकाला तरी खुर्ची मिळावी आणि तारखा निदान महिनाभर आधी गावात लावल्या जाव्यात, यासाठी २८२ कोटींची गरज नाही, एका शासन निर्णयाची आहे.